सोनीचं रक्त बर्फात का ठेवायचं

मी कुत्र्यांच्या हृदयाची रक्ततपासणी करायचे असं सांगितलं की लोक आधी हसतात. आमच्या गल्लीतली शेजारीण तर पदर तोंडाला लावून हसते. "अक्का, कुत्र्याला कधी हार्टचा त्रास होतो का? ना सासू, ना नोकरी, ना पोरीचं लग्न. त्याला कसलं टेन्शन?" मी म्हणते, बाई, त्याला नसेल, पण त्याच्यापायी मला जेवढं टेन्शन आलं तेवढं माझ्या तिन्ही बाळंतपणांत मिळून आलं नाही.

दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी शिकलेली सातवीपर्यंत. धुळ्याला माणसांच्या एका लॅबमध्ये काचेच्या पट्ट्या आणि नळ्या धुवायला लागले, आणि धुता धुता, बघता बघता रक्त काढायलाही शिकले. पुढे अहिरे मॅडमनी जनावरांचा दवाखाना काढला. त्यांना रक्त काढणारी आणि कुत्र्याला न घाबरणारी बाई हवी होती. मी घाबरत होते, पण तसं सांगितलं नाही. पहिल्याच आठवड्यात एका अल्सेशियनने माझ्या साडीचा निऱ्यांपासून पार कमरेपर्यंत निकाल लावला. दुसऱ्या दिवसापासून मी पंजाबी ड्रेस घालायला लागले. साठीला आलेली बाई ड्रेसात बघून आमचे हे म्हणाले, "कुत्र्याने चांगलं काम केलं."

तर ही तपासणी काय असते ते आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

विहिरीवरची मोटर बघितली असेल. खाली फूटवॉल्वमध्ये कचरा अडकला की वर ओढलेलं पाणी थोडं थोडं मागे जातं. मोटर चालूच असते, पाणीही येत असतं, शेतातल्या माणसाला काही कळत नाही. पण मोटर आतून तापत असते. कुत्र्याच्या हृदयाचंही तसंच होतं. पॉमेरियनसारख्या बारक्या कुत्र्यांत वय झालं की आतला पडदा नीट मिटत नाही, रक्त मागे गळतं. डॉबरमनसारख्या मोठ्या कुत्र्यांत हृदयाचा स्नायूच सैल पडतो. बाहेरून कुत्रं झकास असतं. खातं, भुंकतं, दारावर आलेल्या दूधवाल्याच्या मागे धावतं. पण ताणलेलं हृदय एक पदार्थ रक्तात सोडतं. ताण जास्त, तर तो पदार्थ जास्त. तो मोजायचा. आकडा खाली असला तर बहुतेक चिंता नाही, वर असला तर पुढची तपासणी करायची. किडनी खराब असली तरी आकडा वर जातो, म्हणून मॅडम तीही बघून घ्यायच्या. बस, एवढंच शास्त्र मला येतं.

पण कुत्रं धडधाकट दिसत असताना माणसाला हे पटवायचं कसं? देवपुरात एक वकील होते. त्यांचा डॉबरमन सुलतान, काळा कुळकुळीत, अंगावर तेल लावल्यासारखी चमक. लस टोचायला आणला होता. मॅडमनी छातीला ठोके ऐकायची नळी लावली, जरा जास्त वेळ लावली, आणि म्हणाल्या, "ठोका मधेच चुकतोय, रक्त तपासून घेऊ." वकीलसाहेब हसले. "मॅडम, हा कंपाउंडवरून उडी मारतो. ह्याच्या हृदयाला काय होतंय? तपासायचंच असेल तर माझं तपासा." आम्हीही हसलो. पुढे थंडीत एका सकाळी त्यांनी बॉल फेकला, सुलतान धावला, आणि बॉलच्या जवळ जाऊन आडवा झाला. उठलाच नाही. वकीलसाहेब दवाखान्यात आले ते एकटेच. बाकावर बसले. मी पाणी दिलं तर म्हणाले, "अक्का, एवढंच सांगा. तेव्हा तपासलं असतं तर कळलं असतं?"

मी म्हटलं, "कळलं असतं की नाही ते मला नाही माहीत, साहेब. पण निदान त्याच्या हृदयाला विचारलं तरी असतं."

मला असं बोलायला नको होतं, असं नंतर वाटलं. पण तेव्हापासून कोणत्याही कुत्र्याच्या छातीला मॅडमची नळी जरा जास्त वेळ टेकली की मी न सांगताच रक्त काढायची सुई काढून ठेवायचे.

सगळंच काही रडण्यासारखं नव्हतं. जामनेरहून एक कुटुंब त्यांच्या लॅब्रॅडॉरला घेऊन यायचं होतं. फोनवर मी सांगितलं, उपाशी पोटी आणा, म्हणजे रक्त स्वच्छ निघतं. गाडीतून उतरले तर नवरा-बायको, दोन पोरं आणि सासूबाई, सगळ्यांचे चेहरे उतरलेले. मला वाटलं कुत्रं वाटेतच गेलं की काय! तर कुत्रा मजेत. हे सगळे मात्र आदल्या रात्रीपासून उपाशी. बाई म्हणाली, "हा समोर बसून बघतो ना अक्का, घास उतरत नाही. मग म्हटलं, जाऊ द्या, सगळेच राहू." सासूबाईंना शुगर, त्या बाकावर बसल्या बसल्या कलायला लागल्या. कुत्र्याच्या आधी आजीबाईंनाच चहा-बिस्किट द्यावं लागलं. ते बिस्किट बघून लॅब्रॅडॉर जो उधळला, त्याचं रक्त काढताना दवाखान्यातली चार माणसं लागली. रिपोर्ट मात्र उत्तम आला. आजीबाई म्हणाल्या, "आमच्या उपासाचं फळ."

आता बर्फाचं. धुळ्यात आमच्याकडे रक्त काढायचं, जांभळ्या झाकणाच्या नळीत घ्यायचं, फिरत्या यंत्रात घालून वरचं पिवळट पाणी वेगळं करायचं आणि ते बर्फाच्या डब्यात घालून जळगावला पाठवायचं. ते मोजायचं यंत्र जळगावच्या एका मोठ्या दवाखान्यात होतं. हृदयातून आलेला तो पदार्थ फार नाजूक. उन्हात ठेवला की विरघळून जातो. विरघळला की आकडा खाली येतो. म्हणजे बघा, रक्त खराब झालं तर रिपोर्ट वाईट येत नाही, चांगला येतो. हीच मला सगळ्यात भीती. बाकीच्या तपासण्यांत चूक झाली की माणूस घाबरतो, ह्या तपासणीत चूक झाली की माणूस निर्धास्त होतो. आणि आमच्या खानदेशातला मे महिना! पत्र्यावर पापड टाकला तर उलटायची गरज नाही.

अशाच एका मे महिन्यात सोनगीरचे रामदास नाना सोनीला घेऊन आले.

नाना तांबट. सगळं आयुष्य तांब्या-पितळेची भांडी ठोकण्यात गेलं, आणि त्या ठोकण्यातच कान गेले. समोर बसून ओरडून बोललं, ओठ दिसले, तर समजतं. मागून हाक मारली तर नाही. मुलगा सुरतेला कापडाच्या कामात. नातीने हट्टाने पॉमेरियन घेतलं होतं, सुरतेच्या एका खोलीत ते मावेना, म्हणून आजोबांकडे आलं आणि आजोबांचंच झालं. पांढरं, कान खारीक-रंगाचे, डोळ्यांत कायम भांडण. नाव सोनी. नानांची बायको वारल्यापासून घरात नाना आणि सोनी, एवढंच.

सोनीच्या पोटाखाली गाठ झाली होती. लिंबाएवढी, वरची कातडी ताणून लाल झालेली. मॅडम म्हणाल्या, फुटायच्या आत काढली पाहिजे. मग छातीला नळी लावली. आणि नळी टेकलेली राहिली.

"नाना, ही खोकते का?"

नाना मॅडमच्या ओठांकडे बघत होते. "शेजारनी म्हणस, पहाटले खोकस. माले काय ऐकू येस नही, माय."

मॅडमनी मला बाजूला घेतलं. हृदयात फुसफुस ऐकू येत होती, म्हणजे पडदा गळत होता. नुसता गळत असेल आणि हृदयाला ताण नसेल तर लगेच ऑपरेशन करायचं. ताण असेल तर बेशुद्ध करण्यातच धोका, आधी नाशिकला हृदयाची सोनोग्राफी, मग गोळ्या, मग ऑपरेशन. गाठ मात्र थांबणार नव्हती. सगळं त्या एका आकड्यावर होतं.

रक्त काढलं. सोनी माझ्याकडे असं बघत होती की जणू मी तिच्या माहेरचं काहीतरी चोरलंय. यंत्रात फिरवलं, पाणी वेगळं केलं, डबा भरला. आमच्या ओळखीचे कंडक्टर असायचे, ते न्यायचे. नाना म्हणाले, "दुसराना हातमा देऊ नका. मी लई जास." डबा स्वतःच नेणार, बहीण जळगावला राहायची, तिलाही भेटणं होईल म्हणाले. मी त्यांना समोर बसवून, ओरडून, हातांनी करून दाखवलं. हा डबा, हा बर्फ, ही नळी, बाहेर काढायची नाही. नानांनी मान डोलावली आणि माझेच शब्द मला म्हणून दाखवले. सोनी दिवसभर माझ्या टेबलाखाली कूलरसमोर पडून राहिली.

दुपारी मोबाइलवर रिपोर्ट आला. आकडा खाली. चांगला. मॅडमनी मोठा श्वास सोडला. दोन दिवसांनी ऑपरेशन ठरलं.

ऑपरेशनच्या सकाळी नाना सोनीला घेऊन वेळेच्या आधीच हजर. स्वच्छ पांढरं धोतर, जसं काही लग्नाला आले होते. मॅडम आत तयारी करत होत्या. मी सोनीच्या पायावरचे केस काढून झाल्यावर पिंपळनेरच्या एका कुत्र्याचं रक्त जळगावला पाठवायचं होतं, त्याचा डबा भरायला घेतला. बर्फाच्या पिशव्या घालत होते. नाना ते बघत होते. बघता बघता त्यांचं कपाळ आकसलं.

"अक्का, मी तर सोनीनं रगत बरफमा ठेवंच नही."

माझा हात तसाच डब्यात राहिला. "मग कुठे ठेवलं?"

नानांनी बंडीच्या आतल्या खिशावर हात ठेवला. "अठे. छातीशी. धुळाथून जळगावलोंग. दवाखानाना दारशी परत डबामा घालं, तुमीन सांगेल व्हतं म्हणून."

"नाना, मी तुम्हाला एवढं सांगितलं होतं ना?"

"सांगं व्हतं. ऐकू बी वनं व्हतं." नानांनी डब्यातल्या बर्फाकडे बोट केलं. "पण माय, बरफ आपण कोणले लावतस? तुन्ही वहिनी गई तवय मन्हा पोऱ्या सुरतथून येस तोपर्यंत तिले बरफनी लादीवर ठेयेल व्हतं. दिवसभर. मी तठेच बसेल व्हतू. सोनीनं रगत तर जितं शे. त्याले बरफवर कसं ठेवू?"

आमच्याकडे उन्हाळ्यात मयत झालं आणि पोरं लांब असली की पहिला निरोप बर्फवाल्याला जातो. हे मला काय माहीत नव्हतं? आमच्या घरातही तसंच झालंय. तरी मी बर्फाचा डबा त्या माणसाच्या हातात दिला होता आणि माझ्या मनात नुसती नळी होती.

मी आत गेले. मॅडमच्या हातात हातमोजे चढलेले. "सलाईन लावलं का, अक्का?"

"मॅडम, थांबा."

सगळं सांगितलं. मॅडम स्टुलावर बसल्या. नाना जळगावला गेले त्या दिवशी बाहेर पारा चव्वेचाळीसच्या वर होता, बसच्या आत किती असेल देव जाणे, आणि माणसाच्या छातीची ऊब वेगळी.

"आकडा खराही असेल," मॅडम म्हणाल्या.

"असेल."

"नसला तर?"

मॅडमनी एकेक बोट ओढत हातमोजे काढले. मागे नाना कधी दारात येऊन उभे राहिले होते कळलंच नाही. आमच्या ओठांवरून त्यांना जेवढं समजायचं तेवढं समजलं होतं. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"मी मारी टाकं का तिले?"

मॅडम उठून त्यांच्या समोर गेल्या आणि मोठ्याने, सावकाश म्हणाल्या, "कोणी कोणाला मारलेलं नाही, नाना. ती बघा, तुमची चप्पल चावतेय."

पुन्हा रक्त काढलं. ह्या वेळी मीच घेऊन निघाले. नाना म्हणाले मी बी येस, आणि मी नको म्हणायच्या आत बसमध्ये चढून माझ्यासाठी जागा धरून बसले. सोनी मॅडमपाशी राहिली.

आता नशीब कसं असतं ते बघा. आदली रात्रभर वीज नव्हती, सकाळीच आलेली. फ्रीजमधल्या बर्फाच्या पिशव्या अर्ध्याच गोठलेल्या. मी त्याच घातल्या, दुसरा इलाज नव्हता. मॅडम म्हणाल्या होत्या, अडीच-तीन तासांचा तर प्रश्न आहे. पारोळा मागे पडेपर्यंत मी दहा वेळा झाकण चाचपलं असेल. उघडायचं तर गरम हवा आत जाते, नाही उघडायचं तर आत काय चाललंय ते कळत नाही. एरंडोलच्या अलीकडे फट्ट आवाज झाला आणि बस कलून उभी राहिली. पंक्चर. ड्रायव्हर खाली उतरला, टायरकडे बघितलं आणि बिडी पेटवली. त्याने बिडी पेटवली म्हणजे वेळ लागणार, हे मला लगेच समजलं.

मी झाकण उघडलं. आत हात घातला तर पाणीच पाणी. पिशव्या मऊ पडल्या होत्या. मला घाम आला तो उन्हाने की कशाने, सांगता येणार नाही. हे रक्तही वाया गेलं तर? सोनीच्या पायाची शीर बारीक, दोनदा टोचलेली. तिसऱ्यांदा मॅडमही तयार होणार नाहीत. आणि उद्या गाठ फुटली तर?

मी वळून नानांना सांगणार तोवर नाना शेजारी नव्हतेच. रस्त्यापलीकडे एक रसवंती होती, घुंगरं वाजत होती, आणि नाना उन्हातून तिकडे चालत होते. मी डबा छातीशी धरून मागोमाग पळाले.

रसवंतीवाला म्हणाला, "बसा आजोबा, गोड रस शे. आलं टाकू का?"

"बरफ दे."

"नुसता बरफ? कशाले?"

नाना म्हणाले, "मन्ही पोर धुळाले शे. तिनासाठी."

त्या माणसाने नानांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्याच्या मनात काय आलं असेल ते मला समजलं, आणि नानांनाही समजलं. नाना घाईघाईने म्हणाले, "जिती शे रे भाऊ. जिती शे!"

रसवंतीवाल्याने गोणपाटाखालची लादी काढली, टोच्याने फोडली, मोठा तुकडा दिला. नानांनी खांद्यावरचा टॉवेल पुढे केला, त्यात तो बर्फ घेतला, आणि स्वतःच्या हातांनी डब्यात चारही बाजूंनी लावला. नळी बर्फाला चिकटली तर ती गोठून खराब होते, म्हणून मी तिला कागद आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मधे उभी केली. नानांची बोटं एकेक तुकडा दाबून बसवत होती. जन्मभर हातोडा धरलेली बोटं. झाकण लावल्यावर त्यांनी डबा मला परत दिला नाही. जळगावपर्यंत मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले. गळणारं पाणी धोतरावर पडत होतं, गुडघे ओले झाले होते. मी म्हटलं, नाना, इकडे द्या, हात गारठतील. त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलंच नाही.

जळगावला यंत्रावर एक मुलगी बसायची. नळी हातात घेऊन म्हणाली, "छान गार आहे. चहा पिऊन या ना काकू, तोवर होईल." चहा कसला पिते! मी तिथेच उभी. नाना दाराला टेकून. यंत्राने आवाज केला, मुलीने पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी ओळखते. आकडा मी नंतर वाचला.

पहिल्या आकड्याच्या कितीतरी पट वर होता.

मी मॅडमना फोन लावला. त्यांनी आकडा परत एकदा सांगायला लावला. मग म्हणाल्या, "बरं झालं, अक्का." आणि लगेच, "म्हणजे बरं नाही झालं. पण कळलं."

नाना समोर येऊन उभे. "खराब शे?"

"खराब आहे, नाना. हृदयाला ताण आहे. पण आता आपल्याला माहीत झालंय. गोळी सुरू करता येईल."

"पहिला कागद चांगला व्हता."

"पहिला कागद खोटा होता, नाना."

"खोटा व्हता," नाना म्हणाले, "पण चांगला व्हता."

ह्या कामात मला हेच जड जायचं. आजारी कुत्र्याचं वाईट सांगितलं तर माणूस तयार असतो. इथे कुत्रं शेपूट हलवत समोर उभं, आणि आपण त्याच्या माणसाला सांगायचं, की आजपासून काळजी कर. आधी कळलं म्हणजे औषध आधी मिळतं, त्याने कुत्र्याचे चांगले दिवस वाढतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण काळजीचे दिवसही तेवढेच वाढतात, हेही बघितलंय. नानांनी रात्री सोनीच्या छातीवर हात ठेवून झोपायला सुरुवात केली, असं त्यांनीच सांगितलं. म्हणजे ते झोपतच नव्हते.

नाशिकला नेऊन सोनोग्राफी झाली. डावीकडचा कप्पा मोठा झाला होता. गोळ्या सुरू केल्या. मॅडमनी काही आठवडे थांबायचं ठरवलं आणि ते आठवडे आम्ही कसे काढले ते आम्हालाच माहीत. हृदय सावरायला वेळ हवा, आणि गाठ वेळ देत नव्हती. नाना दर थोड्या दिवसांनी यायचे, सोनीला टेबलावर उताणी धरायचे, आणि आम्ही तिघं त्या ताणलेल्या लाल कातडीकडे बघायचो. मॅडम म्हणायच्या, "अजून थोडं." कोणाला म्हणायच्या, गाठीला की हृदयाला, मला कळायचं नाही. शेवटी एक दिवस कातडीतून ओल दिसली. मॅडम म्हणाल्या, "उद्या."

ऑपरेशनला भूल देणारे दुसरे डॉक्टर नाशिकहून बोलावले होते. सलाईन अगदी थेंब थेंब, कारण जास्त पाणी गेलं तर तेही हृदयाला झेपत नाही. सोनीच्या जिभेला चिमटा लावला, त्याची वायर यंत्राला. प्रत्येक ठोक्याला ते यंत्र टिक करायचं. दार अर्धं लावलेलं, मी आणि नाना बाहेर. आत मला मज्जाव नव्हता, पण नानांना एकटं सोडवेना.

आता यंत्राचा आवाज मला येत होता, नानांना नाही. ते नुसते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी हसून बघितलं तर त्यांना खरं वाटेना, गंभीर झाले तर ते पांढरे पडायचे. माझा चेहरा कसा ठेवू हेच मला समजेना. शेवटी मी त्यांचा हात ओढून माझ्या मांडीवर घेतला, तळवा वर केला, आणि आत टिक झालं की तळव्यावर एक बोट आपटलं. टिक. टिक. टिक. नानांनी आधी विचित्र बघितलं. मग कळलं. मग त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी बाकी सगळं सोडून दिलं. फोन वाजला, घेतला नाही. एक बाई मांजर घेऊन आली, तिला डोळ्यांनीच बसायला सांगितलं. आत मॅडमचा आवाज आला, "जरा थांबा, थांबा," आणि टिक लांबलं. माझं बोट हवेत. नानांची बोटं माझ्या मनगटाभोवती घट्ट झाली. आत कोणीतरी काहीतरी भरभर बोललं. मग टिक. मग पुन्हा. मी मारलेला तो ठोका जरा जोरातच बसला असावा.

किती वेळ गेला माहीत नाही. बोट बधिर झालं होतं. आणि मग आवाज थांबला.

एकदम थांबला. माझं बोटही थांबलं. मी कान देऊन ऐकत होते, आत भांड्यांचा आवाज येत होता, मॅडम कोणाशी तरी बोलत होत्या, मी शब्द पकडायचा प्रयत्न करत होते. वळून बघितलं तर नाना. डोळे उघडे, तळवा तसाच वर, आणि चेहऱ्यावर रक्त म्हणून नाही. ते माझ्या बोटाकडे बघत होते.

दार उघडलं. मॅडम टोपी काढत म्हणाल्या, "झालं, अक्का. चिमटा काढलाय, जीभ हलवतेय ती."

मी "नाना!" म्हणून ओरडले, मग आठवलं की ओरडून उपयोग नाही. ते माझ्याकडे बघतच नव्हते. मी त्यांचा तोच हात धरून त्यांना उठवलं आणि ओढत आत नेलं. सोनी आडवी पडली होती, पोटावर पट्टी, जीभ बाहेर, ती जीभ हळूहळू टाळूला लागत होती, जसं काही स्वप्नात पाणी पीत होती. नानांनी वाकून तिच्या छातीवर हात ठेवला. ठेवला आणि तसेच राहिले. मॅडम, मी, भूलवाले डॉक्टर, कोणी हललं नाही.

मग नानांनी दुसरा हात मागे केला, न बघता माझा हात शोधला, तळवा उघडला, आणि त्यावर आपल्या जाड बोटाने ठोके द्यायला लागले.